कागदावर ढोल नव्हता

माझ्या मुलीची प्लीहा फाटली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. प्लीहा म्हणजे स्प्लीन. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते, एवढंही मला त्या दिवसापर्यंत धड माहीत नव्हतं. शाळेत कधीतरी आकृतीत तिला नाव देऊन अर्धा मार्क मिळवला असेल, तेवढाच आमचा संबंध.

कमोगी नावाचा इथला, आयर्लंडमधला, एक खेळ आहे. हातात चपटी लाकडी काठी, चामड्याचा लहानसा चेंडू, आणि पंधरा-पंधरा मुली एकमेकींच्या अंगावर धावून जातात. मुलगे हाच खेळ खेळतात तेव्हा त्याला हर्लिंग म्हणतात. लेक आठ वर्षांची असल्यापासून खेळते. तेव्हापासून मी शनिवारी मैदानाच्या कडेला उभी असते, आणि अजूनही त्या खेळाचे नियम मला नीट कळलेले नाहीत. कुणी टाळ्या वाजवल्या की मी वाजवते.

जूनमधल्या एका शनिवारी ती आणि समोरच्या टीममधली एक धिप्पाड मुलगी एकाच चेंडूवर झेपावल्या आणि त्या मुलीचा गुडघा हिच्या डाव्या कुशीत बसला. ही गवतावर पडली. कोचबाई धावत गेल्या. दोन मिनिटांनी ही उठली, हात वर केला, "आय'म ग्रँड" म्हणाली आणि उरलेली मॅच खेळली. ग्रँड म्हणजे ठीक, आणि इथे माणूस मरायला टेकला तरी ग्रँड असतो, त्यामुळे मीही फार मनावर घेतलं नाही.

गाडीत ती म्हणाली, खांदा दुखतोय. पोट नाही, डावा खांदा. घरी आल्यावर मी बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी दिली आणि जेवायला वाढलं. तिने दोन घास खाल्ले. पोटात रक्त साचलं की ते छातीखालच्या पडद्याला टोचतं आणि कळ खांद्यात उठते, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. त्या संध्याकाळी मी चांगला अर्धा तास तो खांदा चोळत बसले होते. आजही बामाचा वास आला की माझा मलाच राग येतो.

रविवारी सकाळी दात घासताना ती बाथरूममध्ये कोसळली. ओठ पांढरेफटक, अंग घामाने गार. नवऱ्याने तिला उचलून गाडीत घातलं आणि पंचवीस मिनिटांत आम्ही हॉस्पिटलात पोचलो.

सीटी स्कॅन झाला. प्लीहेला खोल चीर गेली होती, पोटात रक्त होतं. सर्जन बाई होत्या, चाळिशीतल्या, आखूड केसांच्या, पायात धावायचे बूट. त्यांनी खुर्ची ओढली आणि सरळ माझ्या मुलीशी बोलायला लागल्या. इथे सोळा पूर्ण झाली की उपचारांना होकार पेशंट स्वतः देतो. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पर्स छातीशी धरून उभी होते आणि माझ्या पोटच्या पोरीच्या पोटाबद्दल मला कुणी विचारत नव्हतं.

"आम्ही ऑपरेशन करणार नाही आहोत," त्या म्हणाल्या. "निदान आत्ता तरी नाही. तुझ्या वयात ही जखम बहुतेक वेळा आपली आपण भरते. आम्ही तुला झोपवून ठेवणार, आणि बघत राहणार."

मी मध्ये तोंड घातलंच. "बघत राहणार म्हणजे नक्की काय करणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, दर तासाला नाडी आणि ब्लड प्रेशर. दर सहा तासांनी रक्त तपासणार. सध्या तोंडाने काही द्यायचं नाही. ऑपरेशन थिएटरला सांगून ठेवलंय. प्रेशर पडलं आणि सावरलं नाही, तर पाच मिनिटांत आत नेऊ आणि प्लीहा काढून टाकू. पण काढली की जन्मभर काही जंतूंचा धोका राहतो, लशी घ्याव्या लागतात, साध्या तापालाही घाबरावं लागतं. म्हणून ठेवता आली तर ठेवायची. पूर्वी सर्रास काढायचे, लिव्हर फाटलं तरी पोट उघडायचे. आता बहुतेकांची पोटं बंदच राहतात.

हे सगळं मला पटलं आणि तरीही पटलं नाही. आतून रक्त वाहतंय हे यंत्रात दिसतंय, कापून शिवणारी माणसं समोर उभी आहेत, आणि ती कापत नाहीत. पुण्याहून ताईचा फोन आला. ती म्हणाली, "अगं, तिकडे ऑपरेशनला नंबर लागत नसेल म्हणून टाळतायत ते. इकडे असती तर एव्हाना टाके घालून मोकळे झाले असते." मी तिच्यावर खेकसले आणि फोन ठेवला. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन नवऱ्याला नेमकं तेच वाक्य माझं म्हणून ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमोग्लोबिन घसरलं. थिएटरचा माणूस ट्रॉली घेऊन दाराशी येऊन उभा राहिला. डॉक्टरबाई आल्या, पोटाला अगदी हलका हात लावला, आकडे पाहिले, आणि रक्ताची एक बाटली लावायला सांगितली. मग त्या गेल्याच नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तासभर तरी उभ्या असतील. मला वाटत होतं, बाई, काहीतरी करा. आता एवढं कळतं की त्या तासात त्या जे करत होत्या ते कापण्यापेक्षा सोपं नसणार. दुपारी आकडे थांबले. ट्रॉली परत गेली. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच मला इतकी झोप आली की खुर्चीत बसल्या बसल्या मी घोरले, असं लेकीनेच नंतर सांगितलं.

सातव्या दिवशी घरी सोडलं. हातात एक कागद दिला. तीन महिने काय करायचं नाही त्याची यादी त्यावर होती: कमोगी, फुटबॉल, रग्बी, घोडेस्वारी, सायकल, ट्रॅम्पोलिन, पोटावर मार बसेल असा कुठलाही खेळ. खांदा दुखला, चक्कर आली, पोट दुखलं तर ताबडतोब परत. मी तो कागद फ्रिजवर लावला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची, हा माझा धंदा, आणि एकवीस वर्षांत तो स्वभावात कसा उतरला ते घरच्यांना विचारावं. आयर्लंडमध्ये आम्हाला चौदा वर्षं झाली. व्हिसा, घर, शाळा, गाडी, पासपोर्ट, सगळं एकेक करून झालं. त्यात कधीतरी मी थकले. कशाने ते सांगता येत नाही, कारण मोठं काही झालंच नव्हतं. संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की बोलायचा कंटाळा यायचा. भाजी फोडणीला टाकताना सुद्धा दमल्यासारखं व्हायचं. नवरा म्हणायचा, "अगं, घरात कुणी वारलंय का? निदान टीव्ही तरी लाव." मी लावायचे नाही.

त्याला अपवाद एकच, ढोलपथक. गणपतीच्या आधी दोन-अडीच महिने दर रविवारी आमची प्रॅक्टिस असते. कॉर्कहून, लिमरिकहून माणसं गाड्या चालवत येतात. एका इंडस्ट्रियल इस्टेटमधलं पार्किंग आम्हाला रविवारपुरतं मिळतं, कारण तिथे तक्रार करायला शेजारी नाहीत. सगळे एकजात आयटीवाले, आठवडाभर मान खाली घालून बसणारे, आणि त्या दोन तासांत अंगात आल्यासारखे वाजवतात. मीही वाजवते. माझी लेक तेरा वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी उभी राहून वाजवते. घरी मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. तिथे मात्र कुणाचा ठोका चुकला की "ए, टोल दे की नीट!" असं ओरडते. ते ऐकलं की मला वाटायचं, चला, काहीतरी जमलं आपल्याला.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कॉर्कच्या एकीचा हात फ्रॅक्चर झाला. आमच्या रांगेत एक जागा रिकामी झाली. गणपतीला दोन आठवडे होते. मिरवणूक गावाच्या मुख्य रस्त्यावरून जाणार होती, तिथल्या नगरपालिकेने पहिल्यांदाच परवानगी दिली होती. लेकीला घरी येऊन सात आठवडे झाले होते. रंग परत आला होता, जेवत होती, पायऱ्या चढत होती, मैत्रिणींबरोबर बाहेर जात होती.

मीच म्हणाले, "तू येतेस का वाजवायला?"

तिने फोनमधून डोकं वर काढलं. "ॲम आय अलाउड?"

मी फ्रिजपाशी गेले आणि कागद वाचला. वरून खाली, खालून वर. कमोगी होती, घोडे होते, ट्रॅम्पोलिन होतं. ढोल नव्हता.

नवरा ओट्याशी चहा गाळत होता. तो म्हणाला, "डॉक्टरांना एक फोन करून विचार ना."

"काय विचारू? ढोल म्हणजे काय तेच आधी अर्धा तास समजावावं लागेल. आणि ढोल काय खेळ आहे का? कुणी अंगावर धावून येतंय का तिच्या?"

"तरी पण अगं, कमरेला बांधतात तो."

"कागदावर नाहीये," मी म्हणाले.

हे मी म्हणाले, मी. जी ऑफिसात नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते की कागदावर लिहिलेलं तपासायला अक्कल लागत नाही, जे लिहायचं राहिलंय ते शोधा, गोची तिथेच असते. डॉक्टरबाईंनी यादी केली तेव्हा त्यांना माहीत असलेली मुलं डोळ्यांसमोर होती. त्यांनी ढोल कुठून लिहावा? तो लिहायचं काम माझं होतं. एक फोन. पण विचारलं तर नाही म्हणतील, हे मला माहीत होतं. म्हणून मी विचारलं नाही. दुसरं काहीही कारण नव्हतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मी स्वतः तिच्या कमरेला ढोल बांधला. ज्यांनी बांधलेला नाही त्यांना सांगते: तो पोटाला टेकून असतो आणि दोरी कसून आवळावी लागते, कारण सैल राहिला तर वाजवताना हलतो. एका हाताने टिपरू, म्हणजे काठी, मारायचं, दुसऱ्या हाताने थाप द्यायची, आणि प्रत्येक ठोका आधी तुमच्या पोटात वाजतो. मी दोरी आवळताना विचारलं, "घट्ट होतंय का?" ती म्हणाली, "नो, इट्स ग्रँड."

ती वाजवायला लागली आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला इतका आनंद झाला! सगळे तिच्याकडे बघून ओरडले, कुणीतरी शिट्टी मारली. मी वाजवता वाजवता हसत होते, वेड्यासारखी. घरी जाताना गाडीत बडबडत होते, गात होते. संध्याकाळी, किती महिन्यांनी कोण जाणे, पुरणपोळ्या केल्या. नवरा म्हणाला, "आज सूर्य कुठून उगवला?" लेक आमच्याकडे बघत होती आणि पोळीचे छोटे छोटे तुकडे करत होती.

पुढच्या रविवारी, प्रॅक्टिस सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, तिचा ठोका चुकला. ती कधी चुकत नाही. मी वळून पाहिलं तर तिने टिपरू खाली टाकलं होतं आणि उजव्या हाताने डावा खांदा धरला होता. दोरीची गाठ मीच मारलेली, आणि मलाच ती सुटेना. कुणीतरी कात्रीने कापली. नवऱ्याला फोन केला आणि त्याची वाट न बघता मी तिला घेऊन निघाले.

त्याच डॉक्टरबाई ड्यूटीवर होत्या. पुन्हा स्कॅन. त्यांनी स्क्रीनवर एक पांढरा ठिपका दाखवला. प्लीहेतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो झिरपत होता. याही वेळी पोट उघडायचं नाही, म्हणाल्या. जांघेतून एक बारीक नळी आत घालायची, रक्तवाहिनीतून त्या जागेपर्यंत न्यायची आणि तारेचं वेटोळं टाकून ती वाट बुजवायची. ते करणारे डॉक्टर घरून निघाले आहेत. नाही जमलं तर मात्र प्लीहा काढावी लागेल.

मग त्या मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. नवरा आला आणि शेजारी बसला. चहाच्या वेळचं ते बोलणं त्याने काढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. मी भिंतीवरची हात धुण्याची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते. पोर जगली नाही तर ते मी केलेलं असेल, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं. देवाचं नाव सुद्धा घेववेना, कारण ज्या देवाचं घ्यायचं त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

दहा मिनिटांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. मी उभी राहिले आणि न विचारताच सांगून टाकलं, ढोल मी बांधला, मी तिला नेलं, कागदावर नव्हता म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, असा फुगा नंतर कधी कधी आपोआपही येतो. ढोलामुळे आला की तसाही आला असता, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. त्या मला सोडत नव्हत्या आणि धरतही नव्हत्या. मला दोन्हीपैकी काहीतरी एक हवं होतं.

"पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी," त्या म्हणाल्या. "सांगू का, असं मी तिला विचारलं, आणि ती हो म्हणाली. तिचं पोट गेल्या रविवारपासून दुखतंय. पहिल्या दिवशीच, ढोल बांधल्या बांधल्या."

नळी घालायला दीड तास लागला. वेटोळं बसलं. झिरपणं थांबलं. प्लीहा राहिली. संध्याकाळी चारच्या सुमाराला तिला वॉर्डात आणलं आणि पुन्हा तेच सुरू झालं: पाय सरळ ठेवून झोपायचं, नाडी, प्रेशर, रक्त, बघत राहायचं. नवरा तिच्यासाठी चार्जर आणायला घरी गेला. मी खुर्चीत बसले होते. अंगावर पथकाचा तोच कुर्ता होता, बाह्यांना डांबराचा डाग.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढला. "सात दिवस दुखत होतं! सात दिवस तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस!"

ती छताकडे बघत होती.

"यू वेअर हॅपी," ती म्हणाली. "फॉर वन्स."

मला वाटलं ती रागाने बोलतेय, म्हणून मी तिच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता. ती मला समजावत होती, लहान मुलाला समजावतात तसं. पुढे म्हणाली, तू त्या दिवशी गाडीत गात होतीस आई. मला वाटलं, एक आठवडाच तर आहे, मिरवणूक होऊन जाऊ दे.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढी वर्षं मी समजत होते की माझा थकवा माझ्यापाशी आहे. मी कुणावर हात उचलला नव्हता, कुणाचा डबा चुकवला नव्हता. आणि ही पोर रोज संध्याकाळी माझं तोंड बघून ठरवत होती, आज काय सांगायचं आणि काय गिळायचं. खांदा दुखला तो सांगितला, कारण खांद्याला बाम लावून आई मोकळी होते. पोट नाही सांगितलं.

नर्स आली, प्रेशर घेतलं, आकडा बरा आहे म्हणाली आणि गेली. मी नाक पुसलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आत्ता दुखतंय का?"

तिने उत्तर देण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती पटकन पाहिलं, आणि किती सवयीने. मी याआधी ते कधी पाहिलं नव्हतं, की पाहूनही कळलं नव्हतं, कोण जाणे.

मी खुर्ची फिरवली. तिच्याकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड करून बसले, आणि पुन्हा विचारलं.

"दुखतंय का?"

मी वळले नाही.

"हो," ती म्हणाली. "खूप."